एकासनातल्या गोळ्या

माझ्या खालच्या ओठाचा उजवा अर्धा भाग आणि त्याखालची हनुवटी बधिर आहे. चहा पिताना ओघळ आला तर मला कळत नाही. दुकानात गिऱ्हाईक समोर असलं की माझा नवरा गल्ल्यावरून माझ्याकडे बघतो आणि स्वतःच्या हनुवटीला बोट लावतो. ती आमची खूण आहे. मी पदराने पुसते आणि हातातल्या गंजाचं, म्हणजे पातेल्याचं, वजन सांगते.

कोणी विचारलं तर अक्कलदाढेमुळे झालं असं सांगते. अर्धं खरं आहे. दाढ आपल्या जागी आडवी पडून होती. बाकीचं आम्ही घरच्यांनी मिळून केलं. ज्यांची अक्कलदाढ दुखते आहे आणि जे 'सण होऊन जाऊ दे, मग बघू' म्हणत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहिते. दाढांविषयीची शास्त्रीय माहिती डॉक्टर देतील. घरात काय होतं ते मी सांगते.

आडवी

मानोऱ्यात आमचं भांड्यांचं दुकान आहे. सकाळी हे एकटे बसतात, दुपारनंतर मीही जाते. लग्नसराईत आजूबाजूच्या तांड्यांवरून, इंझोरीकडून माणसं येतात, तेव्हा दोघंही दिवसभर. माझं काम बोलण्याचं आहे, आणि ते मला चांगलं येतं.

उजवीकडे शेवटची खालची दाढ अधूनमधून दुखायची. गालाच्या आत हिरडी फुगायची, तोंडाला घाण वास यायचा, दोन दिवस भाकरी चावता यायची नाही. मी लवंग धरायची, मिठाच्या पाण्याने गुळण्या करायची. थांबायचं. थांबलं की विसरायची. पुन्हा काही महिन्यांनी तेच. सासूबाई म्हणायच्या, अक्कलदाढ आहे, येताना त्रास देतेच. मी तेव्हा चाळिशी ओलांडून पुढे गेले होते. किती वर्षं येणार होती ती?

शेवटी एका वर्षी भाद्रपद लागताच गाल बाहेरून दिसण्याइतका सुजला, तेव्हा कारंज्याला दातांच्या डॉक्टरकडे गेले. तरुण मुलगी होती, पण घाई करणारी नव्हती. तिने पूर्ण जबड्याचा एक्स-रे काढायला लावला आणि पडद्यावर दाखवला. बाकीच्या दाढा रांगेत उभ्या, आणि ही शेवटची आडवी झोपलेली, शेजारणीच्या मुळाशी डोकं खुपसून. तिच्या अर्ध्या अंगावर हिरडीचं झाकण होतं. त्या झाकणाखाली अन्न अडकतं, तिथे ब्रश पोहोचत नाही, आणि म्हणून पुन्हा पुन्हा पू होतो. शेजारची चांगली दाढही तिच्यामुळे किडायला लागली होती.

मी विचारलं, काढावीच लागेल का? ती म्हणाली, अक्कलदाढ आहे म्हणून कोणाची काढत नाहीत. सरळ आलेली असेल, साफ करता येत असेल, दुखत नसेल तर आयुष्यभर राहू द्यावी. तुमची मात्र वारंवार पिकते आहे आणि शेजारचीला घेऊन जाते आहे. हिची मुळं ओठाच्या नसेजवळ आहेत, म्हणून अमरावतीला जबड्याच्या सर्जनकडून काढून घ्या. आधी सूज उतरू द्या. सूज उतरली की लगेच, पुन्हा सुजायची वाट बघू नका.

तिने गोळ्या लिहून दिल्या, दिवसातून तीन वेळा. आणि कोमट मिठाच्या पाण्याने दिवसभर गुळण्या. हे तिने दोनदा सांगितलं.

घरी आल्यावर एक्स-रे सासूबाईंच्या हातात दिला. त्यांनी तो खिडकीकडे धरून पाहिला आणि बाजूला ठेवला.

"दाढ काढली का डोये जातात," त्या म्हणाल्या. "माह्या नणंदीचे गेले."

त्यांच्या नणंदेला मोतीबिंदू होता, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. आमच्या ह्यांना वेगळीच काळजी.

"अक्कलदाढ काढून आली तं दुकान कोन पाहीन? घरात अक्कल तेवढी तुह्यापाशीच हाय."

मीही हसले. त्या वेळी तोंड उघडत होतं.

दहा दिवस

दोन दिवसांवर दशलक्षण पर्व आलं होतं. आम्ही जैन, भाद्रपदात दहा दिवस तप करतो. कोणी उपास करतं, कोणी एकासन. एकासन म्हणजे दिवसातून एकदाच, एकाच बैठकीत जेवायचं आणि पाणीही तेव्हाच प्यायचं. उठलं की दुसऱ्या दिवसापर्यंत तोंडात काही नाही, पाण्याचा थेंबही नाही.

आमच्या घरात सासूबाई लग्न होऊन आल्यापासून दहाही एकासनं करत होत्या. आता त्यांना झेपत नव्हतं. त्यांनी मंदिरात सांगून टाकलं होतं की यंदा सून करणार. मला नंतर कळलं. घरातलं व्रत तुटू नये, एवढंच त्यांचं म्हणणं होतं, आणि मी 'हो' म्हणाले. भांडण करण्यापेक्षा दहा दिवस एक वेळ जेवणं सोपं, असा हिशेब केला.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहिते, कारण आमच्यातली माणसंही हे वाचतील. आमच्या धर्मात तप आपल्या शक्तीप्रमाणे करायचं असतं. आजारी माणसाला कोणी बळजबरी करत नाही. मंदिरात मी हे लहानपणापासून ऐकत आले. मी जाऊन विचारलं असतं तर तिथे कोणीही सांगितलं असतं, बाई, औषध घे, पुढच्या वर्षी कर. मी विचारायला गेले नाही. घरातलं कोणी गेलं नाही. विचारलं असतं तर 'नको' ऐकावं लागलं असतं, आणि नाव तर दिलेलं होतं.

राहिला गोळ्यांचा प्रश्न. पहिल्याच दिवशी ताटावर बसले तेव्हा मी तो काढला. तीन वेळा गोळी घ्यायची तर तीन वेळा पाणी लागणार. हे समोर बसले होते. त्यांनी गोळ्यांचं पाकीट हातात घेतलं, उलटंपालटं केलं.

"दिवसाच्या तीन ना? मंग तिन्ही आत्ताच घेऊन टाक. दिवसाचा माल दिवसात पोटात गेला, झालं."

"पोटातच जाते शेवटी," सासूबाई म्हणाल्या.

मला ते पटलं. आम्ही दुकानदार माणसं. माल तीन फेऱ्यांत आणला काय, एका फेरीत आणला काय, गोदामात तेवढाच भरतो. मी दिवसाच्या सगळ्या गोळ्या तळहातावर घेतल्या आणि जेवणानंतर तांब्याभर पाण्याबरोबर गिळल्या. रोज. एकही चुकवली नाही. गुळण्या सुटल्या, कारण तोंडात पाणी घ्यायचंच नव्हतं.

पहिले काही दिवस दुखणं कमी झालं. चावणंच एकदा होतं, म्हणून असेल. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागल्या की डॉक्टरीन काढायला सांगत होती, पण तपानं दुखणं बसलं. पोट जळायचं, एकदा ओकारी आली. ती मी गिळली, कारण ओकारी झाली की बैठक मोडते का हे कोणालाच नक्की माहीत नव्हतं.

निम्मे दिवस गेल्यावर तोंड कमी उघडू लागलं. आधी घास लहान केला. मग भाकरी सोडून वरणभात. मग नुसतं पातळ वरण, कारण चमचा आडवा जात नव्हता. गोळ्या संपल्या होत्या. मी ह्यांना म्हटलं, तोंड उघडत नाही, कारंज्याला जाऊन येऊ.

"आता चार दिवसासाठी काहून तोडतं?" ते म्हणाले. "झाल्यावर तुले गाडी करून नेतो."

रागावले नव्हते. प्रेमानेच म्हणाले. म्हणूनच मला ते अजून विसरता येत नाही.

तेज

शेवटच्या दिवशी, अनंत चतुर्दशीला, एकासनाऐवजी पूर्ण उपास, पाणीही नव्हतं. दुसऱ्या दिवशी मंदिरात पारणं आणि तप करणाऱ्यांचा सत्कार. कपाळाला टिळा, अंगावर शाल, हातात नारळ. पारण्याला मुगाचं पाणी दिलं, ते अर्धं बाहेर आलं. शेजारची बाई म्हणाली, उपासाने नाजूक झाली बिचारी. उजवा गाल कानापासून मानेपर्यंत ताणून चकचकीत झाला होता. मला ताप होता. दात दातांवर बसले होते, म्हणून मी ओठ मिटूनच उभी होते आणि लोकांना वाटलं, मौन धरलं आहे.

"चेहऱ्यावर तेज आलं पाहा," असं एक जण म्हणाले. दोघातिघांनी माना हलवल्या. फोटो काढला.

तो फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला. खाली हात जोडलेली चित्रं, अभिनंदन, अनुमोदना. माझी मुलगी श्रुती अमरावतीला शिकते. तिने फोटो मोठा करून पाहिला आणि वडिलांना फोन लावला. तिचा आवाज मला शेजारी बसून ऐकू येत होता.

"पप्पा, आईचा गाल पाहा. आईला गाडीत बसवा आणि इकडे आणा. आत्ता निघा. आजीला नंतर समजावू."

मंदिरात एवढी माणसं, घरात आम्ही तिघं. दिसलं ते एवढ्या लांब बसलेल्या पोरीला, फोनच्या पडद्यावर.

अमरावती

सर्जननी गाल दाबून पाहिला, हनुवटीखाली बोटं घातली, थुंकी गिळायला सांगितली. गिळताना मान पुढे काढावी लागत होती. त्यांनी लगेच भरती करायला सांगितलं. दाढेचा पू जबड्याखाली उतरला होता आणि मानेकडे चालला होता. मग त्यांनी आधीच्या औषधांविषयी विचारलं. मला बोलता येत नव्हतं. उत्तर ह्यांनी दिलं, आणि अभिमानाने दिलं.

"एक बी गोळी चुकली नाई, डॉक्टर साहेब."

"कोणत्या वेळेला घेत होत्या?"

"जेवतानी. तिन्ही एकदम."

 सर्जन सावकाश म्हणाले, "एका गोळीचा असर काही तास राहतो. पुढची वेळेवर गेली तरच औषध लागू पडतं. तुम्ही यांना रोज थोडा वेळ औषध दिलंत आणि बाकीचा दिवस पू वाढू दिलात."

 रिकामी पाकिटं ह्यांनी जपून आणली होती, ती खिशात परत ठेवली.

त्या दुपारी मी घाबरले. तोपर्यंत दुखत होतं, भीती नव्हती. भूल देणारे डॉक्टर आले, टॉर्च लावली, आणि माझ्या ओठांच्या फटीतून आत काहीच दिसेना. ते श्रुतीला बाजूला घेऊन सांगत होते, पण मी ऐकलं. तोंड उघडत नाही, नळी नाकातून घालू. ते नाही जमलं आणि घशाची सूज वाढली, तर श्वासासाठी गळ्याला भोक पाडावं लागेल. सही करा. श्रुतीने माझ्याकडे पाहिलं. वडिलांना तिने विचारलं नाही. मी मान हलवली, तिने सही केली.

एका दाढेपायी आपण मरू शकतो, हे मला आडवं पडून, छताकडे बघताना समजलं. ही गोष्ट उभं असताना, गालाला हात लावता येत असताना समजायला हवी होती.

गळ्याला भोक पाडावं लागलं नाही. जबड्याखाली बाहेरून चिरून पू काढला, उरलेला पू वाहायला रबराची पट्टी ठेवली, तीच दाढ त्याच वेळी तुकडे करून काढली. सर्जन आधीच म्हणाले होते, एवढ्या सुजेत नसेला धक्का लागू शकतो. लागला. दाढ वेळेवर काढली असती तरी तो धोका थोडा होताच, असंही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. किती थोडा, ते मी विचारलं नाही.

दवाखान्याचे दिवस सगळे सारखे. सुई, सलाईन, मानेची पट्टी बदलणं, नाकात पुवाचा वास. दिवसातून तीन वेळा, ठरल्या वेळी, नर्स शिरेतून औषध द्यायची. ती वेळ कधी चुकली नाही. प्रत्येक वेळी मी घड्याळ बघायची.

शेजारच्या खाटेवर मानोऱ्याजवळच्याच एका तांड्यावरचा माणूस होता, गाडीवरून पडून जबडा मोडलेला. त्याची बायको गोमीबाई. तिने मला पहिल्याच दिवशी ओळखलं.

"तुमी त भांड्यावाल्या बाई. दुकानात तुमी मले बोलू देत नाई. आता मी बोलते, तुमी ऐका."

आणि ती बोलली. माझ्या दुकानातून घेतलेल्या डेगचीचं झाकण कसं बसत नाही इथपासून. तिच्या नवऱ्याचे दात तारेने बांधलेले, माझं तोंड मिटलेलं, त्यामुळे तिला अडवणारं कोणी नव्हतं. श्रुती कॉलेजला गेली की हीच मला बसतं करायची आणि हनुवटीखाली भांडं धरायची. सूप सांडलं की म्हणायची, "सांडू द्या, तुमचं थोडी हाय ते." त्या दिवसांत मला हसू आलं ते तिच्यामुळे, आणि हसल्यावर टाके दुखले तेही तिच्यामुळे. झाकण मी नंतर बदलून दिलं.

भरती झाल्याच्या दुसऱ्या दिवशी क्षमावाणी होती. पर्व संपलं की आम्ही एकमेकांची क्षमा मागतो, वर्षभरात कळत-नकळत झालेल्या चुकांची. माझा फोन दिवसभर वाजत होता. 'उत्तम क्षमा', फुलांचं चित्र, जोडलेले हात. ह्यांचाही आला होता, सगळ्यांना पाठवलेला तोच. ते बाहेर बाकावर बसून पाठवत होते. सासूबाईंचा निरोपही त्यांच्याच फोनवरून आला, त्याच फुलांसह.

मी कोणालाच उत्तर दिलं नाही. लोकांना वाटलं, बरं नाही म्हणून.

नंतर

घरी आल्यावर बरेच दिवस पातळ खाल्लं. तोंड उघडायचा व्यायाम म्हणून दातांमध्ये लाकडी पट्ट्या ठेवायच्या, रोज एक वाढवायची. आरशासमोर करायची आणि रडू यायचं, दुखायचं म्हणून. घरात ह्या विषयावर बोलणं बंद होतं. हे मानेची पट्टी बदलायला रोज दवाखान्यात न्यायचे, फळांचा रस काढून द्यायचे, गोळीची वेळ झाली की फोनमध्ये घंटा लावायचे. सगळं करायचे. गोळ्यांविषयी शब्द काढायचे नाहीत.

सासूबाईंनी तेवढ्यात सत्काराचा फोटो मोठा करून आणवला आणि देवघराच्या बाजूला लावला. मी काढायला सांगितलं नाही. येणारा कोणीतरी विचारतोच, गाल असा का? मग मी सांगते. त्या उठून आत जातात.

मध्ये श्रुतीच्या दाढा तपासून घेतल्या. ती इतकी घाबरली होती की चारही काढून टाका म्हणत होती. सर्जननी एक्स-रे पाहून तिला परत पाठवलं. दोन सरळ आहेत, दोन हाडात खोल शांत झोपल्या आहेत, काही त्रास देत नाहीत. वर्षा-दोन वर्षांनी बघत राहू. म्हणजे दाढ ठेवायची की काढायची, हे घरात बसून ठरत नाही, घाबरूनही नाही आणि अंगावर काढूनही नाही.

एवढं मात्र लक्षात ठेवा. एकाच जागी पुन्हा पुन्हा सुजत असेल, तर मधल्या बऱ्या दिवसांत जा. बरे दिवस दाढ काढण्यासाठीच असतात. गोळी दिवसातून जितक्या वेळा सांगितली तितक्या वेळा, अंतर ठेवून घ्या. ते जमणार नसेल तर डॉक्टरला आधी सांगा. तोंड उघडत नसेल, गिळवत नसेल, सूज मानेकडे चालली असेल, तर घरात कोणाची परवानगी मागत बसू नका. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा.

यंदा

यंदाच्या दशलक्षणात सासूबाईंनी विचारलं, आता कोण करणार? मी म्हटलं, मी दोन्ही वेळ जेवणार.  दहा दिवस मी जेवले, पाणी प्यायले, मंदिरात पूजेलाही गेले. कोणी काही बोललं नाही.

क्षमावाणीच्या सकाळी सासूबाई माझ्यासमोर आल्या, हात जोडले.

"उत्तम क्षमा, सूनबाई."

"कशाची, आई?" मी विचारलं.

असं कोणी विचारत नाही. त्यांनी विचार केला. खरोखर केला, हे मी त्यांच्या बाजूने लिहून ठेवते. मग म्हणाल्या, "तुले पाह्यले दवाखान्यात आली नाई, त्याची."

मी म्हटलं, ते तर मी केव्हाच सोडून दिलं. दुसरं काही?  "वय झालं आता, ध्यानात राहात नाई," त्या म्हणाल्या आणि देवघराकडे वळल्या.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. हे गल्ल्यावर, मी समोर स्टुलावर चहा घेत होते. त्यांनी हात जोडले.

"उत्तम क्षमा. कळत-नकळत जे झालं त्याची."

"काय झालं?"

 मी वाट पाहिली. गोळ्या, एवढा एक शब्द हवा होता. 'तूच गिळल्या ना' म्हणाले असते तरी मी 'हो' म्हटलं असतं, कारण मीच गिळल्या. निदान तो शब्द आमच्या दोघांच्या मध्ये ठेवला गेला असता.

ते काही बोलणार असं वाटलं. मग त्यांनी जोडलेले हात सोडले आणि स्वतःच्या हनुवटीला बोट लावलं.

मी पदराने पुसलं. चहा होता. तेवढ्यात एक बाई पायरी चढून आली, तिला घागर हवी होती. मी उठले आणि दाखवायला लागले. ह्यांना उत्तर मी अजून दिलेलं नाही.